डावाचा मालक

पत्त्यांचा एकच जोड नाशिकच्या पंचवटीत तीन जागी पिसला, तर कायद्याच्या दृष्टीने त्याच्या तीन वेगळ्या गोष्टी होतात. मार्केट यार्डाच्या कुंपणालगत गोणपाट अंथरून चार हमालांनी तीन पत्ती मांडली, की ती महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ (अ) मध्ये बसते आणि पोलीस त्यांना वॉरंटाशिवाय उचलू शकतात. क्लबात चार निवृत्त गृहस्थ रमीला बसले, तर त्याच कायद्याचे कलम १३ त्यांच्या मदतीला येते, कारण रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ सालीच म्हणून ठेवले आहे. आणि हीच रमी मोबाइलवर पैसे लावून खेळली, तर ऑगस्ट २०२५ पर्यंत तो एक प्रतिष्ठित उद्योग होता. २२ ऑगस्टला संसदेच्या नव्या कायद्यावर राष्ट्रपतींची मोहोर उठली आणि ती खेळवणे तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा ठरले, खेळणे मात्र नाही. तीन जागा, तीन निकाल. पगार हरून घरी येणाऱ्या माणसाच्या घरात जे घडते ते तिन्ही ठिकाणी सारखेच असते. पुढील पानांत जुगाराची बोली, कायदा आणि घरसंसारावर होणारा परिणाम यांचा विचार येईल. त्याआधी या तिन्हींना जोडणारे एक म्हणणे इथे मांडायचे आहे. आपला कायदा आणि आपले बोलणे दीडशे वर्षे खेळाकडे आणि खेळणाऱ्याकडे बघत आले आहे. नुकसान ठरते ते वेगळ्याच तीन गोष्टींवर: डाव किती लवकर पुन्हा मांडता येतो, हरण्यासाठी उधार किती मिळते, आणि प्रत्येक डावातून मालकाला किती सुटते.

हा मालक जुन्या ग्रंथकारांना चांगला ठाऊक होता. जुगार म्हटले की आपल्याला सभापर्वातला युधिष्ठिर आठवतो, थोडे संस्कृत वाचलेल्याला ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले अक्षसूक्त आठवते. दोन्हीकडे नजर हरणाऱ्यावर आहे, त्याच्या पश्चात्तापावर आहे. त्या मानाने कोरडा वाटणारा मजकूर कौटिल्याचा आणि याज्ञवल्क्याचा. कौटिल्य द्यूताध्यक्ष नेमतो, खेळ एकाच जागी व्हावा असे सांगतो, फासे सरकारी अधिकाऱ्याने पुरवावेत म्हणजे खोट्या फाशांना वाव राहणार नाही असे बघतो आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच घेतो. याज्ञवल्क्य अड्डा चालवणाऱ्या सभिकाचा वाटा ठरवून देतो आणि त्या बदल्यात राजाचा भाग त्याच्याकडून वसूल करतो. मनूला हे सगळेच नामंजूर. त्याच्या मते राजाने द्यूत राज्यातून हाकलून द्यावे. बंदी आणि नियंत्रण या दोन्ही वाटा आपल्याकडे इतक्या जुन्या आहेत. मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला या १९५७ च्या खटल्यात, बंगळूरहून निघणाऱ्या एका नियतकालिकाच्या शब्दकोडे-स्पर्धेवर मुंबई सरकारने लावलेल्या कराचा निर्णय देताना, सरन्यायाधीश सुधीरंजन दास यांनी या दोन्ही परंपरांची नोंद घेतली. कौटिल्याच्या व्यवहारीपणाचा उल्लेखही केला. निष्कर्ष मात्र बंदीच्या परंपरेचा काढला: जुगार हा व्यापार नव्हेच, म्हणून त्याला व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण नाही. त्या निकालाने राज्यांना बळ मिळाले, हे खरे. पण 'जुगार म्हणजे काय' हा प्रश्न त्यानंतर 'कौशल्य किती आणि नशीब किती' या एकाच तराजूत तोलला जाऊ लागला, आणि कौटिल्याने विचारलेला प्रश्न, म्हणजे फासे कोणाचे आणि वाटा कोणाचा, कोपऱ्यात पडला.

मुंबई इलाख्याचा कायदा १८८७ चा. आज नाव बदलून तोच महाराष्ट्राला लागू आहे. त्याचा जीव 'जुगाराचे घर' आणि 'जुगाराचे साहित्य' या दोन कल्पनांत आहे. घरात साहित्य सापडले की ते जुगाराचे घर असे गृहीत धरायचे, आणि तिथे सापडलेला माणूस खेळायलाच आला होता असे मानायचे; उलटे सिद्ध करणे त्याच्यावर. पकडणाऱ्याला हे सोयीचे असते, पण साहित्य बदलले की कायदा उघडा पडतो. तेव्हा मुंबईत पावसावर सट्टा चाले. अमुक वेळेत पन्हळ वाहील की नाही यावर पैसे लागत. हा सट्टा नव्या कायद्यात बसत नाही असे उच्च न्यायालयाने ठरवल्यावर १८९० साली दुरुस्ती करावी लागली. पुढे न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या भावांच्या शेवटच्या आकड्यांवर पैसे लागू लागले. १९६१ च्या सुमारास ते भाव मिळणे थांबले, तेव्हा वरळीत कल्याणजी भगत आणि पाठोपाठ रतन खत्री यांनी चिठ्ठ्या व पत्ते काढून आकडा ठरवायला सुरुवात केली आणि मटका गावोगाव पसरला. पाऊस, कापूस, पत्ते, पडदा, अशी ही चाल आहे. कायदा दरवेळी साहित्याच्या मागे धावतो आणि साहित्य दरवेळी पुढे निघून जाते. त्याच कायद्याच्या व्याख्येने घोड्यांच्या शर्यतीवरच्या परवानाप्राप्त पैजा आणि लॉटरी मात्र बाहेर ठेवल्या. महालक्ष्मी आणि पुण्याच्या मैदानावरचा पैसा खेळ ठरला, मार्केट यार्डाबाहेरचा पैसा गुन्हा ठरला. पंचवटी पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या छाप्याच्या बातमीत आजही तीच ठरीव वाक्ये असतात: अमुक इसम स्वतःच्या आर्थिक फायद्याकरिता लोकांकडून पैसे घेऊन कल्याण मटका नावाचा जुगार खेळवताना मिळून आला, त्याच्याकडून रोख रक्कम व साहित्य हस्तगत. मिळून आला तो चिठ्ठी लिहिणारा. चिठ्ठी ज्याच्यासाठी लिहिली जाते, तो पंचनाम्यात क्वचितच येतो.

आता हिशेब बघू, कारण या विषयात नैतिकतेपेक्षा अंकगणित अधिक स्पष्ट बोलते. मटक्यात तीन पत्त्यांच्या बेरजेचा शेवटचा अंक म्हणजे आकडा. शून्य ते नऊ असे दहा आकडे, प्रत्येक आकड्याच्या वाट्याला तीन पत्त्यांच्या बावीस जुळण्या, म्हणजे संधी सारखी. पैसे मात्र रुपयाला साधारण नऊच मिळतात. दहातला एक रुपया मालकाचा. लावलेल्या प्रत्येक रुपयातले दहा पैसे सरासरीने त्याच्या खिशात. रूलेटच्या चाकात ३७ खण असतात आणि बरोबर खणाला लावलेल्या रुपयासह ३६ रुपये परत येतात. मालकाला सुटतात जेमतेम पावणेतीन पैसे. कोणीही म्हणेल की रूलेट हा मटक्याहून कितीतरी सभ्य खेळ आहे. पण कल्याणसारख्या एका बाजाराचे दिवसात दोनच निकाल, ओपन आणि क्लोज. प्रत्येक निकालावर शंभर रुपये लावणारा माणूस सरासरीने दिवसाला वीस रुपये घालवतो. पडद्यावरचे चाक मिनिटाला एकदा फिरले आणि दरवेळी शंभर रुपये लागले, तर तासाभरात सहा हजारांची उलाढाल होते आणि त्यातले १६२ रुपये मालकाकडे जातात. 'सभ्य' खेळ एका तासात जे नेतो, ते न्यायला मटक्याला आठ दिवस लागतात. शिवाय हा हिशेब चाक प्रामाणिक आहे असे धरून केलेला आहे. मोबाइलमधल्या चाकाची तपासणी करणारा द्यूताध्यक्ष कुठे आहे? गेल्या काही वर्षांत नाशिक जिल्ह्यात 'रोलेट' हा शब्द द्राक्षबागांच्या गावांपर्यंत पोचला तो या वेगामुळे. मटका खेळणाऱ्याला संध्याकाळच्या क्लोजपर्यंत वाट पाहावी लागे, आणि तेवढ्या वेळात बायको विचारी, शेजारी टोकी, भूक लागे. थांबण्याची ही सक्ती त्याचे रक्षण करत होती, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. वैद्यकशास्त्राने २०१३ मध्ये जुगाराचा विकार व्यसनांच्या वर्गात टाकला, तोही याच दिशेचा निष्कर्ष. हरल्यावर लगेच भरून काढायचा मोह हे त्या विकाराचे प्रमुख लक्षण. तो मोह पुरा करायला पुढचा डाव हाताशी असावा लागतो.

उधारीची बाजू अधिक काळोखी आहे. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ३० सांगते की पैजेचा करार रद्दबातल. जिंकलेले पैसे कोर्टातून वसूल करता येत नाहीत. मुंबई इलाखा त्याच्याही पुढे गेला होता. १८६५ च्या इथल्या कायद्याने पैजेला पूरक म्हणून केलेले करारही निकामी ठरवले, म्हणून पैजेसाठी दिलेले कर्जही इथे न्यायालयात उभे राहत नाही. १९५९ च्या घेरूलाल पारख खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की पैज रद्दबातल आहे, पण तेवढ्याने ती बेकायदा होत नाही. कागदावर हा फरक बारीक दिसतो. व्यवहारात त्याचा अर्थ असा की अशा कर्जाच्या वसुलीला कोर्टाचा दरवाजा नाही, म्हणून ती दुसऱ्या दरवाजाने होते: दुचाकी ओढून नेणे, कोऱ्या धनादेशावर सह्या, बायकोच्या माहेरी फोन. २०१४ चा महाराष्ट्राचा सावकारी नियमन कायदा बिनपरवाना सावकाराला गुन्हेगार ठरवतो, पण ज्याचे कर्ज जुगाराचे त्याने तक्रार करायची म्हणजे आधी स्वतःचा जुगार कबूल करायचा. पंचवटीसारख्या भागात हे अधिक जाणवते, कारण इथले पुष्कळसे उत्पन्न रोजचे आणि रोख आहे: हमाली, भाजीची विक्री, रिक्षा, गोदाघाटावरची यात्रेकरूंची कमाई. रोख पैसा रोज संध्याकाळी हातात येतो आणि रोज संध्याकाळी जाऊही शकतो. त्याची झळ ज्यांना बसते त्यांच्या हातात मात्र काहीच नाही. दारूच्या बाबतीत महाराष्ट्राने निदान एक हत्यार दिले. गावातल्या वा प्रभागातल्या स्त्रिया मतदान मागू शकतात आणि 'आडवी बाटली' करून दुकान बंद पाडू शकतात. जुगाराच्या अड्ड्याला परवानाच नसतो, म्हणून तो रद्द करायचे मतदानही नसते. आणि आता तर अड्डा नवऱ्याच्या खिशात आहे.

यावर पहिला आक्षेप कौशल्यवाल्यांचा. ते म्हणतात, रमी किंवा क्रिकेटचा काल्पनिक संघ निवडणे हे नशिबाचे काम नव्हे, आणि न्यायालयांनीही ते मान्य केले आहे. खरेच आहे, मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये ड्रीम-११ ला कौशल्याचा खेळ म्हटले, आणि त्या बळावर अशा खेळांची नावे आयपीएलपासून भारतीय संघाच्या जर्सीपर्यंत पोचली. जाहिरातीच्या शेवटी आर्थिक जोखमीचा आणि व्यसनाचा इशारा धापा टाकत वाचला जाई, कारण जाहिरात मानक परिषदेने २०२० पासून तो बंधनकारक केला होता. जुगार, डाव, हार हे शब्द या बोलीतून गेले. स्पर्धा, बोनस, वॉलेट हे आले. पण कौशल्याने नुकसान टळते, हे गृहीतकच तपासायला हवे. शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्सला कोणी निव्वळ नशीब म्हणणार नाही. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार मात्र तीन वर्षांत तिथे व्यवहार करणाऱ्या सर्वसामान्यांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींवर गेला. कौशल्य असलेल्या खेळात कमी कौशल्याचा माणूस अधिक खात्रीने हरतो, इतकेच. नशिबाच्या खेळात निदान हमालाला आणि प्राध्यापकाला संधी सारखी असते. जुलै २०२५ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्याच सिन्नरचे आमदार आणि तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांची सभागृहात मोबाइलवर रमी दिसणारी चित्रफीत गाजली. आपण खेळत नव्हतो, अचानक उघडलेला खेळ बंद करत होतो, असे त्यांनी सांगितले. खाते बदलले आणि त्यांना क्रीडा खाते मिळाले. कोणी काय केले हा वाद बाजूला ठेवू. खेळ न मागता मंत्र्याच्या फोनवर उघडू शकतो हे त्यांच्याच खुलाशात गृहीत होते, आणि या विषयाच्या दृष्टीने तेवढी कबुली पुरेशी आहे.

दुसरा आक्षेप परंपरेचा: बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदाही म्हणतात, शिव-पार्वतीही सारीपाट खेळले, खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पत्ते मांडल्याशिवाय सण होत नाही, मग पंचवटीत येऊन राहिलेल्या खानदेशी माणसाला गुन्हेगार का ठरवायचे? या आक्षेपात तथ्य आहे, आणि वर मांडलेला निकष तो बहुतांशी मान्यच करतो. आखाजीचा डाव वर्षातून एकदा येतो, ओळखीच्या माणसांत होतो, आणि जो पैसा हरला तो शेजाऱ्याकडे जातो, गावाबाहेरच्या मालकाकडे नव्हे. वेग नाही, वाटा नाही, उधारी असली तर भावकीतली. त्यातही घरे बसली आहेत, हे नाकारू नये; पण ते थांबवायला पोलिसांच्या छाप्यापेक्षा थोरल्या भावाचा आवाज उपयोगी पडला आहे. सणाच्या डावाला आणि मालकाच्या डावाला एकाच कलमात गोवल्याने पोलिसांना सोपी आकडेवारी मिळते आणि लोकांना कायद्याविषयी तिटकारा येतो. भारतीय न्याय संहितेचे कलम ११२ टोळीने चालवलेल्या अनधिकृत जुगाराला सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगते. ते टोळीला लागावे, चौकटीत बसतात म्हणून चौघांना लागू नये. 'शेती हाच मोठा जुगार' हे वाक्य या वादात हमखास येते. कांद्याचा भाव अनिश्चित आहे हे कोणाला सांगायला नको, पण शेतकऱ्याने हरावे अशी बेतलेली टक्केवारी पावसाला नसते.

तिसरा आक्षेप महसुलाचा आणि स्वातंत्र्याचा, आणि तो सहसा गोव्याकडे बोट दाखवतो. गोव्याने १९७६ च्या आपल्या कायद्यात १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांना आणि पुढे जहाजांवरच्या खेळांना वाट करून दिली. मांडवीत उभ्या असलेल्या जहाजांवर महाराष्ट्रातूनच किती जण जातात ते कोणाला सांगायला नको. पण त्याच गोव्याने २०२० मध्ये आपल्या रहिवाशांना तिथे खेळायला मनाई केली. सरकारला हे उत्पन्न निरुपद्रवी वाटत असते, तर ही मनाई कशाला लागली असती? महाराष्ट्रानेही १९७६ सालीच कसिनोचा कायदा केला होता. तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. १९६९ पासूनची राज्य लॉटरी मात्र आपल्याकडे आहेच, आणि सरकारी लॉटरीही जुगारच असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये सांगितले आहे. राहिला प्रश्न 'माझे पैसे, माझी मर्जी' याचा. केंद्र सरकारच्या अंदाजानुसार ऑनलाइन पैशांच्या खेळांत वर्षाला सुमारे ४५ कोटी लोक २० हजार कोटी रुपये गमावत होते. भागाकार केला तर माणशी साडेचारशे रुपयेही होत नाहीत. चित्रपटाच्या एका रात्रीचा खर्च. स्वातंत्र्यवाद्यांचा युक्तिवाद नेमका या सरासरीवर उभा आहे. पण बहुतेक माणसे शे-दोनशे घालवून थांबत असतील, तर उरलेला डोंगर मूठभर घरांवर कोसळतो, आणि मालकाचा धंदाही त्याच मूठभरांवर चालतो. जो थांबू शकतो त्याच्या मर्जीच्या नावाने, न थांबू शकणाऱ्याची कमाई नेली जाते.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार: बंदीने काही होत नाही, मटका कधीच कायदेशीर नव्हता तरी साठ वर्षे चालला. मटक्याचा इतिहास या बाजूनेच साक्ष देतो, हे मान्य करावे लागेल. २०२५ च्या केंद्रीय कायद्याची जमेची बाजू अशी की त्याने कौशल्य-नशिबाचा घोळ बाजूला सारला, खेळणाऱ्याला शिक्षेतून वगळले, जाहिरातदाराला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड सांगितला आणि बँकांना या व्यवहारांचे पैसे पुढे पाठवायला मनाई केली. त्याला न्यायालयात आव्हान दिले गेले; मोठ्या कंपन्यांनी मात्र पैशांचे खेळ तातडीने बंद केले, यावरून पैशाची नळी दाबण्यात किती जोर आहे ते कळते. पण नाशिकचे रोलेट या नळीतून वाहत नाही. एजंट रोख घेतो, आयडी आणि पासवर्ड देतो, पॉइंट भरतो, संपले की उधारीवर आणखी भरतो. बँकेला त्यातले काही दिसत नाही. इथे पकडण्यासारखा पुरावा म्हणजे आयडीची साखळी, कोणाच्या आयडीवर कोणी पॉइंट चढवले याची नोंद, आणि उधारीची वही. आजचा पंचनामा मात्र १८८७ च्या सवयीने मोबाइल संच, खुर्च्या आणि रोख रक्कम मोजतो, आणि खेळायला आलेले सहा जण आरोपींच्या यादीत जातात. हेच सहा जण साक्षीदार होऊ शकतात, त्यांच्या कर्जाच्या चिठ्ठ्या सावकारी कायद्याच्या तक्रारी होऊ शकतात, आणि ज्याला थांबता येत नाही त्याला १४४१६ या टेलिमानस मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या क्रमांकाकडे वळवता येते. यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. पोलीस ठाण्याच्या पातळीवर खेळणारा आणि खेळवणारा यांचे कागद वेगळे ठेवले, तरी सुरुवात होऊ शकते.